तीन नंबरची सखूबाई

कवठाळीत कानडी बोलणारी माणसं किती, असं कुणी विचारू नये. विचारणाऱ्याचं डोकं फिरतं. लोहाऱ्याहून जीपनं जावं लागणारं हे लहानसं गाव. इथला किराणावाला गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो, भाव पाडून मागणाऱ्याला दखनीत झाडतो आणि घरात गेला की आईशी कानडीत गोड होतो. आता हा माणूस कोणत्या भाषेच्या नावावर टाकायचा? तिन्हीकडं मोजला तर गाव आहे त्याच्या तिप्पट होतं. एकीकडंच मोजला तर उरलेल्या दोघी रुसतात. म्हणून शहाणी माणसं त्या भानगडीत पडत नाहीत.

सखूबाईला मात्र हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिच्या मते गावात भाषा एकच होती, ती म्हणजे मराठी. बाकी सगळा गलका.

ही सखूबाई म्हणजे जीपवाल्या गुरुलिंगाची बायको. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक आणि नाकावर माशी बसू न देणारी. गावात तिची ख्याती होती ती वाढण्यासाठी. लग्न असो, बारसं असो, नाहीतर नव्या घराची वास्तुशांत असो. स्वयंपाक कुणीही करावा, वाढावं सखूबाईनं, असं ठरूनच गेलं होतं. पदर खोचून ती पंक्तीत उतरली की जेवणाऱ्याची धडगत नसे. माणूस ‘पुरे’ म्हणायला तोंड उघडायचा आणि तेवढ्यात ताटात पोळी पडलेली असायची. हा सरळ सरळ जुलूम होता, पण लोक तो हौसेनं सोसत. आपल्या पंक्तीतून उठलेला माणूस ताठ चालत गेला तर सखूबाईला तो अर्धपोटी वाटायचा. पोटावर हात ठेवून, भिंतीचा आधार घेत कुणी निघाला, की मग तिचा जीव खाली बसायचा.

मूळची ती वाशीकडची, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. तिकडं कानडी कुणाच्या कानावरही पडत नाही. गुरुलिंगाचं घर तिच्यासारखंच लिंगायत आणि मराठीच बोलणारं, पण आळीतली निम्मी घरं कानडी. लग्न होऊन ती आली त्या आठवड्यात घागर घेऊन हापशावर गेली. तिथल्या बायकांनी नव्या नवरीला पाहिलं आणि कौतुकानं हाका मारल्या, “बा, बा!” कानडीत ‘बा’ म्हणजे ये. सखूबाईच्या माहेरी ‘बा’ म्हणजे बाप. पोरीला वाटलं, आपला बा भेटायला आला. तिनं घागर तिथंच टाकली आणि पदर सावरत रस्त्याकडं धाव घेतली. रस्त्यावर एक गाढव उभं होतं, बाकी कुणी नाही. मागं बायका पोट धरून हसत होत्या.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. असली गंमत झाल्यावर कोण हसणार नाही? पण सखूबाई घरी येऊन कोपऱ्यात तोंड खुपसून रडली, आणि डोळे पुसून उठली ती मनाशी ठरवूनच: ही भाषा कानात घ्यायची नाही आणि तोंडातून काढायची नाही. पोरगी लग्नाला आली तरी तिनं हा हट्ट सोडला नव्हता. आता इतकी वर्षं एका आळीत काढून एक शब्द न शिकायचा म्हणजे केवढे कष्ट! शिकणं त्याहून सोपं गेलं असतं. पण सखूबाईला सोप्या कामांची आवड नव्हती.

भिंतीला भिंत लागून चन्नम्माचं घर होतं. चन्नम्मा सत्तरीची, जन्माची कानडी. सखूबाई तिला अक्का म्हणायची, दोघींचं मेतकूट होतं, पण बोलणं सगळं मराठीत. चन्नम्मानंही त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

सखूबाईची एकुलती एक पोरगी राजेश्वरी उमरग्याला एका दवाखान्यात नर्स होती. सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास चाललेला, म्हणून सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून ती मोठ्यानं पाठ करायची. एकदा तिच्या तोंडून आलं, “मागच्या जनगणनेत आठ कोटींच्या वर लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली. देशात तिसरा क्रमांक.”

पुरणाची डाळ निवडणाऱ्या सखूबाईचा हात थांबला. “तिसरा? पैला-दुसरा कोण?”

“हिंदी, मग बंगाली.”

“असू दे. आन् कानडी?”

“आठवी. चार कोटींच्या वर.”

सखूबाईला बाकीचं काही ऐकायची गरज उरली नाही. तिनं तिथूनच भिंतीपलीकडं आवाज टाकला, “ऐकलं का अक्का? आमी तिसरं, तुमी आठवं!”

पलीकडं चन्नम्मा म्हशीची धार काढत होती. ती म्हणाली, “चार कोटी? कुठं ऱ्हातेत गं ती समदी? माझ्या घरात तर कानडी बोलणारी म्या एकटीच हाय.”

राजेश्वरीला या गप्पांत रस आला. तिनं सांगितलं, “काकू, अशा बी भाषा हायत की दहा हजार माणसं बी बोलत न्हाईत. त्येंची नावं यादीत न्हाय लिहीत. ‘इतर’ म्हणून टाकतेत.”

“मग म्या आन् माझी म्हस,” चन्नम्मा म्हणाली, “आमी दोघी इतर.”

यावर सगळे हसले. सखूबाईनं तर हा तिसरा नंबर डोक्यावरच घेतला. जणू आठ कोटी माणसांना तिनंच एकेक घास भरवून वाढवलं होतं. जीपमधून उतरणाऱ्या पाहुण्याला, दारावर आलेल्या भांडीवाल्याला, कुणालाही ती ऐकवायची. गुरुलिंग बिचारा दिवसभर जीपमध्ये ज्याला जी भाषा येईल ती बोलून माणसं गोळा करणारा. तो म्हणायचा, “अगं, माझ्या जीपमंदी नंबर शीटला असतोय, भाषेला न्हाय.” पण त्याचं घरात कोण ऐकतंय?

त्यातच राजेश्वरीला स्थळ आलं, आणि आलं ते नेमकं कानडी मुलखातून. आळंदकडचं गाव, घर लिंगायत, शेती बरी, मुलगा संगमेश उमरग्यालाच एका कंपनीत नोकरीला. नात्यातल्या कुणीतरी गाठ घालून दिली आणि पोरापोरीची पसंती तर पहिल्याच भेटीत झाली. तो कानडी, ही मराठी. दोघं फोनवर कसली तरी हिंदी बोलत आणि तीही इतकी हसत, की सखूबाईला भिंतीपलीकडूनही कळायचं, काम जमलं. जावई तिला आवडला होता. आठव्या नंबरचा असला म्हणून काय झालं? पोरगी सुखात राहील, हे तिला त्याच्या वागण्यावरून दिसत होतं. आता राहिलं होतं ते एवढंच, की मुलाचा आज्जा शिवलिंगप्पा घर बघून ‘हो’ म्हणणार. त्या घरात त्याच्या शब्दापुढं कुणी जात नसे.

पाहुणे येण्याचा दिवस ठरला. सखूबाईनं पुरणपोळ्यांचा घाट घातला. मदतीला चन्नम्मा मागच्या चुलीवर बसली. पाहुणे जास्त आणि जीप एक, म्हणून गुरुलिंगानं दोन खेपा करायचं ठरवलं. पहिल्या खेपेत म्हातारी माणसं आली, आणि तो संगमेशला आणि बाकीच्यांना आणायला परत लोहाऱ्याच्या स्टँडवर गेला. म्हाताऱ्या माणसांना भूक निघत नाही. सखूबाईनं त्यांची पंक्त लगेच बसवली. राजेश्वरी आत बायकांच्या घोळक्यात नवी साडी नेसून बसलेली. तिला बाहेर यायची सोय नव्हती. थोडक्यात, पंक्तीत दोन्ही भाषा कळणारं आपलं माणूस कुणीच नव्हतं.

सुरुवातीलाच सखूबाईनं पाहुण्यांना आपलं ज्ञान ऐकवलं. वाढता वाढता म्हणाली, “आमची भाषा देशात तीन नंबरला हाय, तुमची आठ नंबरला. पर सोयरिकीला हरकत न्हाय. आमी तसलं मनात धरत न्हाय.” यात आपण केवढा मोठेपणा दाखवला, असं तिला मनापासून वाटलं. पाहुणे एकमेकांकडं बघून हसले. शिवलिंगप्पानं फक्त भुवया उंचावल्या आणि पोळीचा घास मोडला.

म्हातारा चवीनं जेवत होता. दुसरी पोळी संपली, तिसरी संपली. सखूबाई तुपाची वाटी घेऊन पुढं गेली, तसा तो हलक्या आवाजात म्हणाला, “सकू, सकू.”

सखूबाई जागच्या जागी थबकली. आधी तिला रागच आला. पहिल्यांदा घरी आलेला परका माणूस, आणि सरळ नावानं हाक? बाई नाही, वैनी नाही, नुसतं सकू? पण म्हाताऱ्याचा चेहरा सालस होता, आवाजात माया होती. तिचा राग कुठल्या कुठं गेला आणि का कोण जाणे, तिला एकदम भरून आलं. ती लगबगीनं आत गेली आणि टम्म फुगलेली पोळी आणून त्याच्या ताटात घातली.

“सकू! सकू!” म्हातारा म्हणाला.

“आले, आले!” म्हणत तिनं आणखी एक घातली.

आता इथं दोन नेम समोरासमोर उभे राहिले. ताटात पडलेला कण टाकायचा नाही, ताट पुसून, धुवून ते पाणीही प्यायचं, हा शिवलिंगप्पाचा जन्माचा नेम. आणि पाहुण्याचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही, हा सखूबाईचा. बाकीचे पाहुणे शहाणे, ते ताटावर आडवे हात धरून सुटले. म्हातारा मात्र हात जेवणात आणि तोंड हाकेत असा अडकला. तो जीव खाऊन ताट मोकळं करायचा, आणि मोकळं ताट बघून सखूबाईला वाटायचं, केवढी भूक बाई या वयात! शेवटी त्यानं खरकटे हातच जोडले आणि घाम पुसत म्हणाला, “सकव्वा, सकव्वा!”

नावाला ‘अव्वा’ जोडून, आई म्हणून हाक मारली! सखूबाई विरघळली. तिनं तुपात भिजवलेली पोळी घडी करून त्याच्या ताटात ठेवली आणि वर दूध ओतलं.

दुसरी खेप पोचली तेव्हा शिवलिंगप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. सखूबाई ते बघून कृतार्थ झाली.

पुढचे दोन दिवस निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशी राजेश्वरी उमरग्याहून आली ती डोळे सुजवून. संगमेशचा फोन आला होता. आज्जाचं पोट बिघडलं होतं. ते आता बरं होतं, पण मन बिघडलेलं होतं. “आज्जा म्हणतेत,” राजेश्वरी हुंदके देत सांगू लागली, “त्या बाईनं आदी आमच्या भाषेला आठ नंबर म्हणून हिणवलं. मग म्या हात जोडून थांब थांब म्हणलो, तर हसत हसत वाढत ऱ्हायली. आमच्या बोलण्याला जिथं किंमत न्हाय, तिथली पोरगी नको.”

“थांब म्हणाले? कवा म्हणाले?” सखूबाई उसळली. “उलट मला नाव घेऊन घेऊन मागत हुते! सकू, सकू करून जीव काढला माझा!”

गुरुलिंग ओट्यावर चहा पीत होता. त्याच्या नाकातून चहा बाहेर आला. तो आधी खोकला, मग हसत सुटला, मग डोळे पुसत म्हणाला, “अगं, साकु म्हणत आसंल त्यो! साकु! कानडीत साकु म्हंजी पुरे!”

“आन् सकव्वा?”

“साकव्वा. म्हंजी, आई, पुरे कर आता.”

सखूबाईच्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला. म्हातारा ‘पुरे’ म्हणून गयावया करत होता आणि आपण ‘आले, आले’ म्हणून पोळ्या घालत होतो! दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर तीही पोट धरून हसली असती. पण समोर पोरगी रडत होती. सखूबाईला स्वतःचा असा राग आला, की तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. एवढी वर्षं कान बंद करून बसलो त्याचं हे फळ, आणि भोगायचं कुणी, तर लेकीनं.

“म्या फोन करतो,” गुरुलिंग म्हणाला. “कानडीत समजावून सांगतो.”

“काई गरज न्हाय. चूक माझी हाय, म्याच जाऊन सांगीन. त्येंच्याच भाषेत सांगीन.”

“तू? कानडीत?”

“अवो, माफी मागायला दुसऱ्याचं तोंड कशाला? जेवताना म्या तुमचं तोंड वापरते का?”

सखूबाई तडक चन्नम्माच्या गोठ्यात गेली. चन्नम्मा म्हशीपुढं वैरण टाकत तिच्याशी काहीतरी बोलत होती. लाडानं, मग दटावून, मग परत लाडानं. सखूबाईनं हे कितीदा तरी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. गलका म्हणून सोडून दिलं होतं.

“अक्का,” ती म्हणाली, “मला कानडी शिकवा.”

चन्नम्माच्या हातातली वैरण खाली पडली. सगळं ऐकून तीही हसली, पण लगेच पदरानं डोळे टिपायला लागली. सखूबाई घाबरली. “काय झालं अक्का?”

“काय न्हाय गं. पोरगं दिवसभर भाईर, सून तुमच्याकडची, नातवंडं इंग्लिश शाळंत. म्या कानडीत काय म्हणलं की नातू म्हणतोय, आज्जी, काय बडबडतीस? म्हशीलाच तेवढी कळती आता माझी बोली. तिला म्हणलं ‘निंद्र’, की हुबी ऱ्हाती बग.”

आणि खरंच, ‘निंद्र’ म्हटल्यावर म्हैस शेपूट हलवायची थांबून उभी राहिली होती.

सखूबाईला फार वाईट वाटलं. एवढं मेतकूट, एका ताटातलं खाल्लेलं, आणि ही बाई इतकी वर्षं आपल्यासाठी आपल्या भाषेत येत राहिली. आपण एक पाऊल तिच्याकडं टाकलं नाही. तिनं चन्नम्माचा हात धरला आणि म्हणाली, “मग आता दोघींनी म्हशीला ताप देऊ.”

शिकवणी सुरू झाली. चन्नम्माला इतका उत्साह आला, की पहिल्याच दिवशी तिनं सखूबाईला हे मोठं वाक्य दिलं: ‘ननग गोत्तिरलिल्ल.’ मला माहीत नव्हतं. सखूबाईची जीभ त्यात अशी अडकली, की म्हैससुद्धा वळून बघायला लागली. मग चन्नम्मानं छोटं करून दिलं, “तप्प आत्री. तप्प म्हंजी चूक. आत्री म्हंजी झाली जी. एवढंच म्हण. हात जोड. बास.”

तप्प आत्री. सखूबाई भाकरी थापताना म्हणायची, झाडताना म्हणायची. आळीतून जाताना कानडी बायका मुद्दाम विचारायच्या, “ऊट आत?” म्हणजे जेवण झालं का, आणि सखूबाई दचकून म्हणायची, “तप्प आत्री.” आळी दोन-तीन दिवस मजेत होती. हसल्या तर हसल्या, सखूबाईनं या वेळी कोपरा धरला नाही.

रविवारी गुरुलिंगानं जीप काढली. सखूबाई पुढं, राजेश्वरी मागं. सखूबाईच्या ओठांवर सगळ्या रस्त्यानं तेच चाललेलं. पोरीचा चेहरा आरशात दिसत होता, ओढलेला. गुरुलिंग रस्त्यात हात करणाऱ्यांनाही जीपमध्ये घेत नव्हता, म्हणजे त्यालाही काळजी होती. या एका वाक्यावर पोरीचं लग्न टांगलेलं, आणि ते वाक्य सखूबाईच्या तोंडात. देवाचं नाव घेण्याखेरीज दुसरं काय करता येणार होतं?

शिवलिंगप्पाचं घर मोठं, दारात कट्टा. म्हातारा कट्ट्यावर बसलेला. आजूबाजूला सुना, लेकी, शेजारपाजार. संगमेश खांबाला टेकून उभा, राजेश्वरीकडं बघायचंही धैर्य नसलेला. म्हाताऱ्यानं ‘कुंद्री’ म्हणून बसायची खूण केली, पण आवाज कोरडा होता. पाणी आलं.

सखूबाई उठली. पुढं जाऊन तिनं हात जोडले. तिनं मोठा श्वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ठणकावून म्हणाली, “आज्जा, तुप्प आत्री!”

क्षणभर कुणालाच काही समजेना. मग एक सून तोंडाला पदर लावून आत पळाली. दुसरी खांबाआड गेली. आणि मग सगळं अंगण खो खो हसायला लागलं. संगमेश हसला, गुरुलिंगानं कपाळावर हात मारला, राजेश्वरीनं तोंड झाकून घेतलं. तप्प म्हणजे चूक, पण तुप्प म्हणजे तूप. सखूबाई आळंदच्या मुलखात येऊन हात जोडून सांगत होती, की तूप झालं.

“तुप्प?” शिवलिंगप्पानं आतल्या बाजूला बघून विचारलं. “आमच्या घरात हाय की! आन रे कोण तरी!”

पुन्हा हशा. सखूबाईचे कान लाल झाले. वीस वर्षांची असती तर ती तिथून धावत सुटली असती. पण पोरगी मागं बसली होती. ती तशीच उभी राहिली, हात जोडलेलेच, आणि हशा ओसरेपर्यंत थांबून परत म्हणाली, “तुप्प न्हाय. तप्प. तप्प आत्री आज्जा. माझी तप्प.”

म्हाताऱ्याचं हसू हळूहळू मावळलं, पण चेहरा आता कोरडा राहिला नव्हता. तो मराठीत म्हणाला, “तुमी खरंच कानडी जानत न्हाय?”

सखूबाई चकित झाली. “तुमाला मराठी येती? मग त्या दिवशी ‘पुरे’ म्हणायचं की आज्जा! माझी पोळी वाचली असती, तुमचं पोट वाचलं असतं!”

“येतंय थोडं थोडं. पर गळ्यापातूर आलं हुतं बाई,” शिवलिंगप्पा म्हणाला. “तसल्या टायमाला आईनं शिकवलेलंच तोंडात येतंय. आन् तुमच्या आळीत निम्मं कानडी. साकु कळत नसंल, हे म्या कसं धरावं? म्या म्हणलं, ही बाई आठ नंबर म्हणून आमची चेष्टा करती.”

“चेष्टा न्हाय वो,” सखूबाई म्हणाली. “नंबर मला पोरीनं सांगितला, म्या येड्यासारखी मिरवत फिरले. तुमच्यासंगं सोयरीक व्हावी म्हणून माझा जीव किती तुटतोय, ते ह्या पोरीला विचारा.”

“मग म्या साकु म्हणल्यावर तुमाला काय वाटलं? म्या काय म्हणतोय?”

त्या हाकेनं आपल्याला काय वाटलं, हे तिनं गुरुलिंगालाही सांगितलं नव्हतं. पण इथवर आलो ते खरं सांगायलाच, असं म्हणून तिनं सांगून टाकलं.

“मला वाटलं, तुमी मला सखू म्हणून हाक मारताय. आज्जा, गावात मला समदी सखूबाई म्हणतेत. कुणी काकू म्हणतंय, कुणी वैनी. हेनी तर ‘अगं’ म्हणूनच भागवतेत. नुसतं सखू म्हणणारा माझा बा हुता. त्यो गेल्यापासून मला कुणी तशी हाक मारली न्हाय. तुमी मारली, आसं वाटलं, आन् मला लई बरं वाटलं. म्हणून वाढत ऱ्हायले. बाला वाढल्यावानी वाढत ऱ्हायले. पुन्यांदा हाक यावी म्हणून.”

अंगणात कुणी हसलं नाही. ज्या सुनांना मराठी कळत नव्हतं त्यांना संगमेशनं हळू आवाजात सांगितलं, आणि त्यातली एक पुढं येऊन सखूबाईच्या शेजारी उभी राहिली. शिवलिंगप्पानं राजेश्वरीकडं पाहिलं, संगमेशकडं पाहिलं, आणि शेवटी सखूबाईकडं बघून, आपल्या लेकीला विचारावं तसं विचारलं,

“सखू, पोरीला कवा धाडतीस?”

सखूबाईनं बोलायला तोंड उघडलं. मराठीतलं काही आठवेना, कानडीतलं काही सुचेना, आणि डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहायला लागलं. शेवटी गुरुलिंगानंच पुढं होऊन सांगितलं, “वैशाखात, मामा. वैशाखात धाडतो.”